जिंकलेला दावा आणि हरलेली निवडणूक

१७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उसाच्या दरासंबंधी एक निर्णय दिला. त्याची बातमी शहरातील बहुतेक वाचकांनी मथळ्यावर नजर टाकून सोडून दिली असेल. उसाची एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा साखर कारखान्यांना देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ मधील आदेश त्या दिवशी न्यायालयाने रद्द ठरविला. या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांत अग्रभागी होते स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी. याच गृहस्थांना हातकणंगले मतदारसंघातील मतदारांनी ४ जून २०२४ च्या निकालात तिसऱ्या क्रमांकावर ढकलले होते, आणि त्या गोष्टीला अजून दहा महिनेही लोटले नव्हते. ज्यांनी त्यांना मत दिले नाही त्यांच्याही उसाचा दावा त्यांनी न्यायालयात चालविला आणि जिंकला. आपला दावा चालविण्यास लायक, परंतु आपला प्रतिनिधी होण्यास नालायक, असा हा निवाडा आहे काय? या प्रश्नाचा विचार केवळ कोल्हापूर-सांगलीकडील मंडळींनी करावा, इतका तो लहान नाही.

प्रथम हा दावा कशाचा होता ते पाहू. १९६६ च्या केंद्रीय ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्यात पोहोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याचा ठरलेला दर शेतकऱ्याच्या हाती पडला पाहिजे; विलंब झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. २००९ मध्ये ‘किमान वैधानिक दर’ जाऊन त्या जागी ‘रास्त व किफायतशीर दर’, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेली एफआरपी, आली. परंतु चौदा दिवसांची अट कायम राहिली. राज्य सरकारच्या आदेशाने ही अट नावापुरती ठेवून तिचा जीव काढून घेतला. साखरेचा चालू हंगामाचा उतारा हंगाम संपल्यावरच कळतो. तेव्हा आधी ठरावीक उताऱ्यावर काही रक्कम द्यावी आणि उरलेली धुराडे बंद झाल्यावर हिशोब करून द्यावी, असा तो आदेश होता.

शहरातील पगारदार मनुष्याने याचा अर्थ स्वतःपुरता लावून पाहावा. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. त्या काळात सोसायटीचे पीककर्ज, खताच्या दुकानाची उधारी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च हे सारे उसाच्या बिलावर तारण टाकलेले असते. सोसायटीचे कर्ज मुदतीत फिटले नाही तर व्याजाची सवलत जाते. दीड वर्षाच्या श्रमाचे मोल हाती येण्याच्या वेळी ‘तूर्त एवढे घ्या, बाकीचे पुढे पाहू’ असे सांगितले जाणे म्हणजे काय, हे कळण्यास शेतकरीच असावे लागते असे नाही. आणि ज्या कारखान्याकडे ही बाकी राहते त्या कारखान्याचे अध्यक्षच पुष्कळदा आमदार, माजी मंत्री वा जिल्हा बँकेचे संचालक असतात. मागणाऱ्याने कोणाकडे मागावयाचे आणि तक्रार कोणाकडे करावयाची, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच मनुष्य असावा, ही पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्याची खरी अडचण आहे.

ही अडचण फार जुनी नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, तेव्हा कारखान्याचा मालक आणि ऊस उत्पादक हे एकच, हाच त्याचा प्राण होता. १९५० च्या त्या पहिल्या गळीत हंगामानंतर सहकाराने माळरानाची बागाईत केली, शाळा-महाविद्यालये काढली, रस्ते केले. हे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु कारखाना हीच राजकारणाची पायरी झाली आणि मालक असलेला सभासद हळूहळू आश्रित झाला. उसाला तोड कधी मिळणार, हे ठरविणाऱ्या माणसाच्या विरोधात मत देण्यास धैर्य लागते. ते धैर्य गावोगाव निर्माण करण्याचे काम ज्या चळवळीने केले, तिचे मूळ शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेत आहे.

टपाल खात्यातील वरिष्ठ सेवा आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघाची नोकरी सोडून शरद जोशी परत आले आणि चाकणजवळच्या आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. ती शेती आतबट्ट्याची का होते, याचा हिशोब मांडता मांडता ते या निष्कर्षास आले की शेतकरी आळशी वा अडाणी म्हणून गरीब राहत नाही. त्याच्या मालास भाव मिळू नये अशी व्यवस्थाच आहे. १९८० च्या कांद्याच्या आणि त्याच वर्षीच्या नाशिक जिल्ह्यातील उसाच्या आंदोलनाने हा हिशोब लाखो लोकांच्या तोंडी गेला. उसाला टनाला ३०० रुपये द्या, ही तेव्हाची मागणी. संघटनेने मतांच्या राजकारणापासून दूर राहावे, असा त्यांचा प्रारंभीचा आग्रह होता. पुढे १९९० मध्ये संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेले. १९९४ मध्ये जोशी यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. जनतेच्या मतांवर निवडून येणे मात्र त्यांना साधले नाही; २००४ मध्ये ते राज्यसभेत गेले ते भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या पाठिंब्याने. ज्यांच्या सभेस लाखांची गर्दी लोटे, त्या सभेतील लोक मतपेटीपाशी जाताना वेगळ्याच वाटेने जात.

या घटनेच्या सुमारास शिरोळ तालुक्यातील एक तरुण कार्यकर्ता आपल्या गुरूपासून अलग झाला. भारतीय जनता पक्षाशी केलेली सोयरीक मान्य नाही, हे त्या फारकतीचे एक प्रमुख कारण होते. राजू शेट्टी २००२ मध्ये जिल्हा परिषदेत, २००४ मध्ये शिरोळमधून अपक्ष म्हणून विधानसभेत आणि २००९ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेत निवडून गेले. गुरूला जे साधले नाही ते शिष्याने सात वर्षांत साधले. त्यांच्या प्रचाराची रीतही निराळी होती. उमेदवाराने मतदारास पैसे द्यावयाचे हा जो प्रघात रूढ झाला आहे, त्याच्या उलट येथे मतदारच मताबरोबर वर्गणी देत. २००९ मध्ये विद्यमान खासदार निवेदिता माने यांचा त्यांनी सुमारे ९५ हजार मतांनी पराभव केला आणि २०१४ मध्ये हे मताधिक्य १ लाख ७७ हजारांवर गेले. जयसिंगपूरच्या वार्षिक ऊस परिषदेत काय ठरते, याकडे कारखान्यांचे अध्यक्षच नव्हे तर मंत्रालयही कान देऊन राहू लागले.

परंतु २०१४ चा हा विजय ज्या आघाडीत मिळाला, ती भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील होती. ज्या सोयरिकीवरून गुरूशी फारकत घेतली, तीच दहा वर्षांनी स्वतः करावी लागली. आम्ही हे हिणविण्यासाठी म्हणत नाही. सत्ताधारी काँग्रेस आघाडीविरुद्ध तेव्हा ऊसपट्ट्यात खराखुरा संताप होता. २०१२ च्या ऊस आंदोलनात सांगली जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्याचा बळी गेला होता. तो संताप घेऊन कोठे जावयाचे, याचे दुसरे उत्तर त्या वेळी उपलब्ध नव्हते. प्रश्न नंतरचा आहे. संघटनेचे सहकारी सदाभाऊ खोत २०१६ मध्ये राज्यमंत्री झाले आणि एकाच संघटनेतील एक माणूस सरकारच्या बाकावर, तर दुसरा सरकारच्या दारात, असे विचित्र दृश्य दिसू लागले. मे २०१७ मध्ये शेट्टी यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत आत्मक्लेश यात्रा काढली. भाजपला पाठिंबा दिल्याचा क्लेश, असाच तिचा अर्थ होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खोत यांची संघटनेतून हकालपट्टी झाली आणि शेट्टी सत्तारूढ आघाडीतून बाहेर पडले.

त्यांच्या खासदारकीचा सर्वांत फलदायी काळ आमच्या मते यानंतरचा आहे. देशभरातील शेतकरी संघटनांनी एकत्र येऊन तयार केलेली दोन विधेयके, एक कर्जमुक्तीचे व दुसरे हमीभावाच्या कायदेशीर हक्काचे, त्यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयके म्हणून मांडली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी दूध आंदोलन पुकारले. मुंबईकरांना त्याची आठवण चहाच्या कपामुळे राहिली असेल. परंतु गाईच्या दुधास लिटरला २५ रुपये दर देण्याचा सरकारचा निर्णय हे त्याचे फलित होते. संसदेत विधेयक आणि रस्त्यावर आंदोलन, ही जोडी जमली असता काय होऊ शकते, याचा तो नमुना होता.

आणि नेमक्या या फलदायी काळानंतर मतदारांनी त्यांस घरी बसविले. २०१९ मध्ये ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीबरोबर उभे राहिले. ज्या साखरसम्राटांविरुद्ध दोन दशके शब्दांची धार लावली, त्यांच्याच व्यासपीठावर बसून मते मागण्याची वेळ आली. शिवसेनेचे धैर्यशील माने यांनी त्यांचा सुमारे ९६ हजार मतांनी पराभव केला. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने १ लाख २३ हजारांवर मते घेतली म्हणून हा पराभव झाला, असा एक हिशोब तेव्हा मांडला गेला. तो अगदीच चुकीचा नाही. पण अपुरा आहे. २०१४ मध्ये शेट्टी यांना ६ लाख ४० हजार मते होती, २०१९ मध्ये ती ४ लाख ९० हजारांच्या आत आली. ही दीड लाखांची घट आघाडी बदलल्याची किंमत होती.

पुढचा काळ याहून कठीण गेला. २०१९ च्या विधानसभेत संघटनेचे देवेंद्र भुयार यांनी मोर्शीत त्या वेळचे कृषिमंत्री अनिल बोंडे यांना हरविले. परंतु हा एकुलता आमदारही संघटनेत टिकला नाही. महाविकास आघाडीशी शेट्टी यांनी केलेली मैत्री एप्रिल २०२२ मध्ये संपली, आणि एफआरपीच्या हप्त्यांचा तो आदेश त्याच आघाडीच्या सरकारने काढलेला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी मागील हंगामाच्या उसाच्या वाढीव हप्त्यासाठी शिरोली येथे पुणे-बेंगळूरु महामार्ग रोखून धरला. तडजोड अशी झाली की ज्या कारखान्यांनी टनाला ३००० रुपयांपेक्षा कमी दिले होते त्यांनी आणखी १०० रुपये, व ज्यांनी त्याहून अधिक दिले होते त्यांनी ५० रुपये द्यावे. सहा महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत दोन्ही आघाड्यांना दूर ठेवून ते एकटे लढले. महाविकास आघाडीने पाठिंब्यासाठी घातलेली ‘मशाल’ चिन्हाची अट त्यांनी नाकारली. माने पुन्हा निवडून आले. त्यांचे मताधिक्य अवघे १३ हजारांच्या घरात होते. शेट्टी यांस मिळालेली मते सुमारे १ लाख ८० हजार, म्हणजे झालेल्या मतदानाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. दहा वर्षांत साडेसहा लाखांच्या घरातून पावणेदोन लाखांच्या घरात!

या उतरणीचा दोष मतदारांच्या कृतघ्नतेवर टाकणे सोपे आहे, पण ते आम्हांस पटत नाही. पहिली गोष्ट अशी की आंदोलन एकच प्रश्न विचारते आणि मतपत्रिका अनेक. ‘टनाला शंभर रुपये अधिक हवेत की नकोत?’ या प्रश्नास ऊस उत्पादक एकमुखाने उत्तर देतो. पण हातकणंगले मतदारसंघात इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार आहेत, शाहूवाडी-शिराळ्याच्या डोंगराळ भागातील अल्पभूधारक आहेत, ज्याच्या नावावर उसाची एक सरीही नाही असा शेतमजूर आहे. त्यांना शंभर रुपयांचे काय? शिवाय ऊस उत्पादकासही देश कोणी चालवावा, जात कोणती, तालुक्यात कोणाचे पारडे जड, हे प्रश्न मतदानाच्या दिवशी पडतातच. एका पिकाचा पुढारी हा एका मतदारसंघाचा पुढारी होतोच असे नाही.

दुसरे कारण आंदोलनाच्या स्वभावातच आहे. आंदोलनाने मिळविलेला भाव सभासदास एक आणि बिगरसभासदास एक असा मिळत नाही. महामार्गावर लाठी खाणाऱ्यास आणि घरी बसून दूरचित्रवाणीवर ती पाहणाऱ्यास शंभर रुपये सारखेच मिळतात. या उलट कारखान्याचा अध्यक्ष जे देतो ते नाव पाहून देतो: वेळेवर तोड, मुलास नोकरी, बँकेचे कर्ज. सर्वांना मिळालेला न्याय कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. एकट्याला मिळालेली मेहेरबानी मात्र पिढ्यानपिढ्या लक्षात राहते. चळवळीच्या माणसाचे हे दुर्दैव म्हणा, पण ही त्याच्या कार्याची थोरवीही आहे.

तिसरे कारण त्यांचे स्वतःचे आहे आणि त्याबद्दल त्यांस मोकळे सोडता येणार नाही. २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत त्यांनी स्वबळ, एक आघाडी, दुसरी आघाडी, पुन्हा स्वबळ अशी वळणे घेतली. प्रत्येक वळणास समर्थनीय कारण होते. परंतु कारणे लक्षात राहत नाहीत, वळणे राहतात. येथे सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची आठवण होते. ते १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि एकंदर अकरा वेळा विधानसभेत गेले. दोनदा पडले, पण शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा कधी खांद्यावरून उतरविला नाही. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्याचे पाणी, सूतगिरणी, एसटीने ये-जा करणारा आमदार, हे सारे मतदारांच्या रोजच्या जीवनातले होते. त्यास हंगामाची वाट पाहावी लागत नसे. आंदोलनाची भट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तापते. मतदार मात्र बारा महिने जगतो.

हे केवळ महाराष्ट्रात घडले असेही नाही. तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर वर्षभर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांपुढे केंद्र सरकारला नोव्हेंबर २०२१ मध्ये माघार घ्यावी लागली. त्या यशाच्या बळावर पंजाबातील काही शेतकरी नेत्यांनी संयुक्त समाज मोर्चा स्थापून २०२२ ची विधानसभा निवडणूक लढविली. एकही जागा मिळाली नाही. दिल्लीस नमविणाऱ्यांना आपल्याच गावांनी निवडून दिले नाही. म्हणजे राजू शेट्टी यांच्या वाट्यास आले ते एकट्याचे अपयश नव्हे. मतपेटीपाशी पोहोचलेल्या प्रत्येक चळवळीला हा घाट लागतो.

तर मग शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याने निवडणुकीच्या वाटेस जाऊच नये काय? असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतील काहींना तो देण्यात सोयही आहे. आम्हांस तो मान्य नाही. चौदा दिवसांचा नियम रस्त्यावर झाला नाही. तो कायद्याच्या अधिकाराने झाला, आणि एका सरकारी आदेशाने मोडताही आला. उसाचा दर केंद्र सरकार ठरविते. साखरेचा किमान विक्रीदरही केंद्रच ठरविते. २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथेच खिळून राहिला. उसाची एफआरपी मात्र २०१९-२० च्या क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ च्या हंगामासाठी ३५५ रुपयांवर गेली. या दोन आकड्यांतील ताणातूनच कारखान्यांची थकबाकी, हप्त्यांची मागणी आणि महामार्गावरील अडथळे जन्मास येतात. हा गुंता सुटावयाचा तो विधिमंडळात आणि संसदेत. तेथे कारखान्यांची बाजू सांगणारे प्रत्येक पक्षात आहेत. ऊस पिकविणाऱ्याची बाजू सांगणारा कोणत्याच आघाडीचा मिंधा नसलेला एखादाही माणूस नसावा, हे लोकशाहीचे लक्षण नव्हे.

चळवळीच्या नेत्यांस आमचे सांगणे एवढेच की, निवडणूक ही आंदोलनाची बक्षिसी नव्हे. ते स्वतंत्र काम आहे. ऊसतोडीच्या मजुराला आणि यंत्रमाग कामगाराला आपल्या मागण्यांत जागा दिल्यावाचून, आणि आपल्यानंतर उभे राहतील असे चार कार्यकर्ते घडविल्यावाचून, ते होणार नाही. एका माणसाभोवती फिरणारी संघटना त्या माणसाच्या मतांबरोबर वर-खाली होत राहते. शरद जोशी यांचा वारसा भांडणांत आणि फुटींत विभागला गेला. तोच इतिहास पुन्हा घडावा, यात कोणाचेच हित नाही.

आणि दोन शब्द आमच्या शहरवासी वाचकांसाठी. महामार्ग अडला की आपण संतापतो, दूध आले नाही की खंत करतो, आणि शेतकऱ्यांनी कायदा हाती घेऊ नये, सनदशीर मार्गाने जावे, असा उपदेश करतो. उपदेश योग्य आहे. पण येथे एक मनुष्य सनदशीर मार्गांनी गेला: तो निवडणुकीस उभा राहिला, त्याने विधेयके मांडली, न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने त्याचे म्हणणे खरे मानले; मतपेटीने त्यास बाहेर ठेवले. जेथे शेतकऱ्याचे म्हणणे वेळीच मांडले जावयास हवे, त्या सभागृहाचे दार त्याच्या माणसास बंद राहिले, तर उद्या तो पुन्हा महामार्गावर उभा राहिलेला दिसेल. त्या वेळी मोटारीत बसून घड्याळाकडे पाहताना निदान एवढे ध्यानात असावे की, रस्त्यावर येणे ही त्याची पहिली पसंती नव्हती.